हिरवा मणी विमलचा, कड्या माझ्या

तुमच्या घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नाशिकला घेतलेलं पॉलिशचं, म्हणजे पितळेवर सोन्याचं पाणी दिलेलं मंगळसूत्र असेल, तर त्याचा मागचा अडकवायचा आकडा एकदा उजेडात धरून पाहा. आकड्याला लागून, मानेवर केसांखाली झाकला जाईल अशा जागी, काळ्या मण्यांत एखादा वेगळ्याच रंगाचा मणी दिसण्याचा संभव आहे. लाल, निळा, पांढरा नाहीतर हिरवा. पुष्कळ बायका तो दृष्टीचा मणी समजतात. एका गुरुजींनी तर मला त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली. गिऱ्हाईक शास्त्र सांगत असताना कारागिरानं मध्ये बोलू नये.

शास्त्र वगैरे काही नव्हतं. तो मणी ही माझ्या कारखान्याची सोय होती. कारखाना म्हणजे नाशिकच्या भद्रकालीत दहा बाय बाराची एक खोली, एक फळी, दोन दिवे आणि मी. माझे वडील पटवेकरी. सोन्याचे मणी, पुतळ्या, वाट्या रेशमात ओवून, गाठी मारून द्यायचे. माझ्या हातात धंदा आला तोपर्यंत रेशमाचे दिवस सरले होते. बायकांना तारेतली मंगळसूत्रं हवी होती, धुतली तरी चालतील अशी. नव्वदच्या सुमारास मी रेशीम गुंडाळून ठेवलं आणि पितळेच्या तारेला हात घातला.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. बारीक तार सळईवर गच्च गुंडाळायची, ते वेटोळं उभं कापायचं, की एकेक कडी सुटी होते. मण्यातून तार घालून दोन्ही टोकांना बारीक गोल डोळे वळायचे. मग कडी उघडायची, दोन मण्यांचे डोळे तिच्यात अडकवायचे, कडी मिटायची. एका सरात अशा शे-दीडशे कड्या. सगळी कारागिरी त्या मिटण्यात आहे. नवशिक्या माणूस कडीची टोकं ओढून फाकवतो. तसं केलं की तिचा गोल कायमचा बिघडतो. दोन पकडींनी एक टोक पुढे, एक मागे, अशी ती दारासारखी उघडायची आणि तशीच लावायची. नीट मिटलेल्या कडीच्या सांध्यावरून नख फिरवलं तर ते अडत नाही.

आणि तार मऊ हवी. बाजारातून येते ती कडक असते. तिला ताव द्यावा लागतो, म्हणजे लाल होईपर्यंत तापवायची आणि मग निववायची. ताव न दिलेली कडी मिटते खरी, पण हात सोडला की केसभर परत उघडते. डोळ्याला दिसत नाही. फक्त आकड्याची तार मुद्दाम कडक ठेवायची, कारण आकड्याला लवचीकपणा लागतो. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

सर जोडायचं काम आजूबाजूच्या आठ बायका घरी नेऊन करत. कुणाची कडी सुटली हे कळावं म्हणून मी प्रत्येकीला एक रंग दिला होता. आकड्याजवळ आपला मणी ओवायचा, की झालं. माल परत आला तर रंग बघायचा आणि त्या बाईला बोलवायचं. व्यापाऱ्यांनाही ही पद्धत आवडली. माझं पाहून आणखी दोघांनी ती उचलली.

हिरवा मणी विमलचा होता. विमल सिन्नरकडची, लग्न होऊन जुन्या नाशकात आलेली. तिचा नवरा भाजीच्या गाडीवर असायचा. पहिल्या दिवशी तिनं खोलीत बसूनच एक सर जोडून दाखवला. मी सांध्यांवरून नख फिरवलं. कुठेच अडलं नाही. माझ्या वडिलांचा हात असा होता, माझा नव्हता. मग लक्षात आलं, की बाई डावखुरी आहे. ती स्वतः सरळ म्हणायची, ‘म्या डावरी.’

त्याच आठवड्यात सुनेसाठी मंगळसूत्र घ्यायला एक गिऱ्हाईक बाई खोलीवर आल्या होत्या. विमलच्या हाताकडे बघून त्या दारातच थबकल्या. शुभाचं काम डाव्या हातानं कसं काय करवून घेता, असं मलाच विचारलं आणि सर न घेताच गेल्या. मी विमलला सांगितलं की यापुढे काम घरी न्यायचं, इथं पकड उचलायची नाही आणि कुणाला सांगायचंही नाही.

ती हसली. ‘म्हंजी माझं काम तुमी उजव्या बाईचं म्हनून इकनार?’

‘मी काही म्हणून विकणार नाही. कुणी विचारणारच नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘हाताला कळू देत न्हाई मंग.’

पुढची पाच-सहा वर्षं तिनं ते पाळलं. माझा सगळ्यात नाजूक माल तिच्या घरून यायचा. सप्तशृंगीला वाहायचा हार असो, की दर वर्षी चार बोटं लांबवून घेणाऱ्या एका जाडजूड मास्तरीणबाईंचा सर असो. त्या मास्तरीणबाईंना स्वतःचं वजन वाढतंय हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, पितळ आटतं. मी म्हणायचो, आटतं खरं, विशेषतः दिवाळीनंतर. विमलला हे सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

एका लग्नसराईत दुपारी चारच्या सुमारास मगनशेठचा माणूस धावत आला. मगनशेठचं मेन रोडवर दुकान होतं आणि माझा निम्मा माल तेच उचलत. निफाडकडचं एक साधं घर होतं. मुलाच्या लग्नासाठी वाट्या तेवढ्या सोन्याच्या केलेल्या, सर पॉलिशचा घेतलेला. तो सर विमलनं जोडला होता. नवऱ्या मुलाची आई दुकानात बसली होती. तिला सर दोन बोटं आखूड वाटत होता आणि तिची एसटी पाचला होती.

पॉलिश करून ठेवलेल्या कड्यांची डबी मी उघडली. त्या मापाच्या कड्या संपल्या होत्या. खिळ्याला आकड्याच्या तारेचं वेटोळं टांगलेलं होतं. आकडे सगळ्यात शेवटी बसवतात, म्हणून ती तार आधीच पॉलिश करून ठेवलेली असे. दिसायला तीच, जाडीला तीच, फक्त कडक. मी एक क्षण थांबलो होतो, हे मला आजही स्पष्ट आठवतं. मग तीच तार सळईवर गुंडाळून सात कड्या कापल्या, विमलच्या सराचा आकडा काढला, सात कड्या आणि सहा मणी वाढवले आणि प्रत्येक कडी दोनदा दाबली. दोनदा दाबली की बसेल, असं मनाला सांगितलं. हिरवा मणी काढून फळीवर ठेवला होता, तो सवयीनं परत आकड्याजवळ ओवला. सगळ्या कामाला दहा मिनिटं लागली. बाईंना एसटी मिळाली.

तिसऱ्या दिवशी मगनशेठनं मला दुकानात बोलावून घेतलं. त्या निफाडच्या बाई गादीच्या कडेला बसल्या होत्या. पुढ्यात रुमालावर मंगळसूत्र होतं, तुटल्यासारखं उघडं पडलेलं. लग्न लागल्यावर नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली आणि नवरीच्या गळ्यातून सर सुटला. वाट्या सरावरून घरंगळून अक्षतांत पडल्या. एक लगेच मिळाली. दुसरीसाठी सतरंज्या उचलून झटकाव्या लागल्या, आणि तोवर मांडवातली प्रत्येक बाई शेजारणीच्या कानाशी लागली होती. सून रडून अर्धी झाली होती.

बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पैसे परत मागायलाही त्या आल्या नव्हत्या. एकच वाक्य बोलल्या, तेही मगनशेठकडे बघून. ‘ज्या बाईनं हे केलं, तिच्या हातचं पुन्हा कुनाच्या लेकीच्या गळ्यात घालू नका.’

मगनशेठनं रुमाल माझ्याकडे सरकवला. उघडलेली कडी आकड्याकडून तिसरी होती. माझी. बाकीच्या सहाही केसभर फाकल्या होत्या. ते ओळखायला मला पकड लावायचीही गरज नव्हती.

‘नाना, हिरवा मणी कुणाचा?’ मगनशेठनं विचारलं.

‘विमलचा,’ मी म्हणालो.

विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं असेल. मणी विमलचाच होता, त्यात खोटं काय? पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते लिहितो. मगनशेठ गेला तर निम्मा धंदा गेला. शिवाय पटवेकऱ्याच्या मुलानं आकड्याच्या तारेच्या कड्या केल्या हे सराफ बाजारात कळलं, तर लोक माझ्या वडिलांचं नाव काढून हसतील. या दोन भीती एका पारड्यात होत्या आणि दुसऱ्या पारड्यात विमल होती. तिला मी ठेवलीसुद्धा नाही.

मगनशेठनं बाईंना शब्द दिला होता आणि तो पाळला. इतर दुकानांतही त्यांनी कळवलं. महिनाभरात हिरव्या मण्याचा माल घेणारं कुणी उरलं नाही. दुसऱ्या कारखान्यांनीही तिला नको म्हटलं. शेवटचं काम परत करायला विमल आली तेव्हा ती खोलीत बसली नाही.

‘नाना, माझीच कडी व्हती का?’

तिला तो सर कुणी दाखवला नव्हता. निफाडच्या बाई तो सोबत घेऊन गेल्या होत्या. तिला पाहायला मिळाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. पण खरं सांगायची संधी माझ्यासमोर दुसऱ्यांदा उभी होती.

‘हिरवा मणी होता बाई,’ मी म्हणालो.

तिनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग पकडी फळीवर ठेवून गेली. पकडी माझ्या होत्या, पण मुठींना तिनं बांधलेलं फडकं तिचं होतं. ते मी कधी सोडलं नाही.

काही दिवसांनी ती पंचवटीत फुलं विकायला बसू लागली. गजरे, देवाच्या माळा. माझा रोजचा रस्ता तिथून जायचा. एकदा लांबून पाहिलं तर ती उजव्या हातानं ओवत होती. अडखळत, दोऱ्याशी झगडत. मला पाच मिनिटांत दहा कड्या मिटणारी विमल आठवली आणि मी सायकल वळवली. पुढची नऊ वर्षं मी लांबच्या रस्त्यानं गेलो. ओळखीच्यांनी विचारलं तर सांगायचो की तो चढ गुडघ्यांना मानवत नाही.

नऊ वर्षांनी एका दुपारी तिशीतली एक बाई खोलीवर आली. पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून तोच रुमाल. मी पाहताक्षणी ओळखला. ती निफाडची सून होती. मगनशेठनं सर हातात घ्यायलाही नकार देऊन तिला माझ्याकडे पाठवलं होतं. तिला ते दुरुस्त करून हवं होतं. नवऱ्यानं पहिल्यांदा घातलेलं तेच, बाकीची नंतरची, असं ती म्हणाली. सासूबाई इतकी वर्षं हात लावू देत नव्हत्या.

‘आता काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘मीच म्हटलं, आत्या, दोन मुलं झाली, विहिरीला पाणी लागलं, तुमचं मोतीबिंदूचं नीट झालं. या मंगळसूत्रानं आपलं वाकडं केलं तरी काय? तर म्हणाल्या, ने मग. पण मी संग येनार, बसून करून घेनार.’

गुरुवारी दोघी येतो म्हणाली आणि सर ठेवून गेली.

तिच्या मागे मी दार लावून घेतलं आणि भिंग काढलं. पकडीचा दाब कडीवर पुसटसा उमटतो. जोराच्या हाताकडची खूण जरा खोल असते. त्या सरातल्या विमलच्या एकूण एक कडीवर खोल खूण डावीकडे होती. आकड्याजवळच्या सात कड्यांवर ती उजवीकडे होती. नऊ वर्षं ती साक्ष बिस्किटांच्या डब्यात पडून होती. मला भिंगाची गरज नव्हती म्हणा. पण आता दुसऱ्या कुणालाही दाखवता आलं असतं, आणि तेवढ्यानंच माझ्या पायांत बळ आलं. मी शूर माणूस नाही. पुरावा हातात आल्यावर खरं बोलणारा माणूस आहे.

त्याच संध्याकाळी पंचवटीत गेलो. सरळ रस्त्यानं. विमलचे केस पांढरे झाले होते. ‘या नाना,’ म्हणाली, जणू काल भेटलो होतो. मी सर तिच्या हातात दिला. तिनं डोळे मिटून तो बोटांतून सरकवला, जपमाळ ओढावी तसा. आकड्यापाशी बोटं थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली.

‘ह्या कोनाच्या?’

‘माझ्या. आकड्याच्या तारेच्या. सुटली ती माझीच होती. मला त्याच दिवशी कळलं होतं.’

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं दोन गजरे मागितले. तिनं पानात बांधून दिले, सुटे पैसे दिले. मग माझ्याकडे वळली.

‘म्या समजले डावा हात भोवला. नऊ वरसं देवाच्या माळा उजव्या हातानं ओवती, नाना. येत नाय तरी ओवती. पोरगी म्हंती, आये, तुझ्या माळा लय ढिल्या. म्या म्हंते, असू दे, पर कुनाचं वंगाळ नको व्हायला.’

हे मला माहीत नव्हतं. तिचं काम गेलं एवढंच मी नऊ वर्षं मोजत होतो. तिनं स्वतःच्या हातावरचा विश्वास गमावला असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी माफी मागायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

‘मला सांगून काय उपेग? म्या तर ऐकलं. ती निफाडची बाई अन् मगनशेठ, त्यान्ला सांगा. माझ्या म्होरं सांगा.’

गुरुवारी माझ्या खोलीत पाच माणसं दाटीवाटीनं बसली. सासूबाई, सून, मगनशेठ, विमल आणि मी. मी जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. रस्त्यावरून पितळी भांड्यांचा ठोका ऐकू येत होता, तो तेवढा बरा वाटला.

सांगून झाल्यावर मगनशेठनं टोपी काढून हातात घेतली. ‘मी विचारलं मणी कुणाचा,’ ते म्हणाले. ‘कडी कुणाची ते विचारायला पाहिजे होतं. पण नाना, तुम्हाला तरी कळायला हवं होतं मी काय विचारतोय ते.’

‘कळलं होतं,’ मी म्हणालो.

सासूबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मी मऊ तारेच्या सात नव्या कड्या करून ठेवल्या होत्या आणि विमल कामाला लागली होती. डाव्या हातात मुख्य पकड, माझ्या खोलीत, सगळ्यांसमोर. मुठीला तेच जुनं फडकं.

‘तू डावरी व्हय गं?’ सासूबाईंनी विचारलं.

मला सर न घेता परत गेलेल्या त्या गिऱ्हाईक बाई आठवल्या.

‘व्हय.’

‘आन् ह्यो समदा सर डाव्या हातानं केलेला?’

‘सात कड्या सोडून.’

सासूबाईंनी जरा हिशेब केला. ‘म्हंजी ज्या सुटल्या, त्या उजव्या हाताच्या.’

‘व्हय.’

यावर चौघांनीही माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी तो गुडघ्याखाली लपवला. सून आधी हसली, मग मगनशेठ, आणि शेवटी विमल, पदर तोंडाला लावून. सासूबाई हसल्या नाहीत. त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, ‘मंग डाव्याच हातानं कर बाई. आन् माझ्या तोंडून गेलेलं वाईट धरू नको.’

‘तुमी हाताला बोल्ला व्हता,’ विमल म्हणाली, मान वर न करता. ‘हाताचं समाधान झालं.’

सात कड्या मिटल्यावर तिनं सर सुनेच्या हातात दिला. सुनेनं तिथंच गळ्यात घातला आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी सासूबाईंच्या पाया पडायला वाकली. आम्ही सगळे सराकडे बघत राहिलो. सर जागेवर होता.

त्या दिवशी घरी जाताना मी वाटेत थांबून उसाचा रस प्यालो. मला उसाचा रस फारसा आवडत नाही. पण काहीतरी प्यावंसं वाटत होतं, आणि थंड काहीतरी छातीतून खाली उतरत जाताना मला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं.

विमलनं पुन्हा पूर्ण वेळ काम घेतलं नाही. फुलांचं बरं चाललंय, म्हणाली. तिच्या माळा आता घट्ट असतात. लग्नसराईचे दोन महिने मात्र ती सर जोडायची. त्यासाठी मगनशेठ स्वतः पंचवटीत जाऊन तिला विचारून आले. टोपलीतले सगळे गजरे संपेपर्यंत तिनं त्यांना उभं ठेवलं, असं त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं. तिची नऊ वर्षं काही कुणी परत दिली नाहीत. मी मोकळा झालो म्हणून ती भरून आली असं मी समजत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारी सगळे गेल्यावर विमल आकड्याजवळचा हिरवा मणी नीट ओवला ना, हे आठवून पाहत उभी होती. मग एकदम म्हणाली, ‘नाना, तुमचा मनी कंचा?’

‘माझा कुठला? मालकाला मणी नसतो.’

‘म्हनून तर झालं,’ ती म्हणाली. फळीवरच्या डब्या चाळून तिनं एक उघडली आणि चिमूटभर मणी माझ्यासमोर ठेवले. पिवळे. तो रंग अजून कुणाला दिलेला नव्हता.

त्यानंतर मी सात वर्षं काम केलं, डोळ्यांनी हात टेकेपर्यंत. माझ्या हाताची एक जरी कडी असली तरी त्या सरात पिवळा मणी जायचा. एवढ्या वर्षांत पिवळ्या मण्याचा माल दोनदा परत आला. व्यापाऱ्यानं विचारायच्या आधीच मी म्हणालो, माझा आहे, आणा इकडे.